नरसप्पांच्या काळ्या पट्ट्या

नरसप्पा कुणाकडेही गेले की चपला काढायच्या आधी टीव्हीचा रिमोट मागतात. पाणी नको, चहा नको. "वहिनी, रिमोट कुटं हाय?"

नरसप्पा म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतले जुने व्हिडिओवाले. घराणं तेलुगू विणकरांचं, पण हे माग सोडून कॅमेऱ्यामागे गेले आणि सोलापूरच्या पूर्व भागातली निम्मी लग्नं त्यांनी टेपवर उतरवली. आमचंही. त्या टेपांचं चित्र जवळजवळ चौकोनी. आता घरोघरी आडवे टीव्ही आले, आणि लोक तेच चित्र ताणून पडदाभर पसरवतात. नवरा-नवरी दोघंही गालगुंड झाल्यासारखी दिसतात. नरसप्पांना ते सोसत नाही. "अय्यो, मंडळी सुजली की!"

काही शहाणे झूम करतात. मग माणसं मापात येतात, पण चित्र वर-खाली कापलं जातं. त्याचा तर त्यांना फारच राग. "काठ कापलेली चादर घेता का तुमी? मग?" असं म्हणत बटणं दाबत बसतात. चित्र मूळ आकारात येतं, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या उभ्या राहतात आणि घरचे करवादतात, "एवढा मोठा टीव्ही घेतला तो काळं बघायला का?"

समोरचे काका वारले, तेव्हा तेराव्याला त्यांच्या मुलाने आठवण म्हणून काकांच्या लग्नाची टेप लावली. सगळे डोळे पुसतायत, आणि हा गृहस्थ पुढे होऊन म्हणतो कसा, "गेलेल्या माणसाला तरी मापात ठेवा की!" मी तोंडाला पदर लावला, तो काही रडू आलं म्हणून नव्हे.

पण हसू तिथंच थिजलं. चित्र नीट झालं तरी नरसप्पा काकांकडे बघतच नव्हते. नजर पडद्याच्या वरच्या कडेला. "वच्चिंदी," ते पुटपुटले. म्हणजे 'आली'. एवढं तेलुगू सोलापुरात कुणालाही कळतं. कोण आली? मी वळून दाराकडे बघितलं. दारात कुणी नव्हतं. अंगावर सर्रकन काटा आला.

मग हे नेहमीचंच झालं. गल्लीत कुणी टीव्हीवर जुनं लग्न लावलं की नरसप्पा न बोलावता हजर. पट्ट्या उभ्या करणार, वर बघणार आणि तेच पुटपुटणार. "म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय," आमचे हे म्हणाले. मला मात्र त्यांची भीतीच वाटायला लागली.

गेल्या उन्हाळ्यात दिरांनी आमची टेप पेनड्राइव्हवर करून आणली. भर दुपार, उन्हासाठी पडदे ओढलेले, गल्लीत चिटपाखरू नाही. मी एकटीच. टीव्ही लावला आणि कडी वाजली. नरसप्पाच! यांना कळतं तरी कसं? मी मुकाट्याने रिमोट पुढे केला. "घ्या, करा आम्हाला बारीक."

चित्र आक्रसलं, पट्ट्या आल्या, आणि आमच्या अंतरपाटाच्या वर, उजव्या कोपऱ्यात, एक हात दिसला. नुसता हात. हिरव्या बांगड्या घातलेला. बाई कुठेच नाही.

"वच्चिंदी."

"कोण? कोण आली, नरसप्पा?"

"आमची लक्ष्मी. लाइट तीच धरायची की, स्टुलावर उभी राहून."

मला आठवलं. लग्नात डोळे दिपवणारा तो लाइट, आणि त्यामागची नरसप्पांची बायको. तिला जाऊनही आता किती वर्षं झाली.

"फोटो काढला की आयुष्य कमी होतं म्हणायची. मी फोटोवाला, आन् एक फोटो काढू दिला न्हाय. तरी गेलीच की लवकर." त्यांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. "आता एवढीच उरलीय. तुमच्या सगळ्यांच्या घरी, काठाला. ते झूम करतात, तवा तिलाच कापतात, वहिनी."

टीव्हीवर मंगलाष्टक संपलं. लाइट हलला, आणि त्या हाताने आमच्या डोक्यावर अक्षता टाकल्या. नरसप्पांनी चित्र तिथंच थांबवलं. मग टीव्हीजवळ सरकून, मान तिरकी करून उभे राहिले. उजव्या काळ्या पट्टीत, आरशात दिसावा तसा त्यांचा चेहरा उमटला, तिच्या हाताला लागून.

"आमचा दोघांचा फोटो," ते म्हणाले. "थोडा वेळ ऱ्हाऊ दे की, वहिनी."