साडेअठरा किलो वाचन

झेंडेमामा पुस्तकं किलोवर वाचतात.

हे मी गंमत म्हणून सांगत नाही. मांजरी गावातल्या आमच्या सोसायटीत, माझ्या बरोबर वरच्या मजल्यावर त्यांची गॅलरी आहे. तिथे कपड्यांच्या दोरीच्या हुकाला मंडईतला जुना पितळी तराजू टांगलेला असतो. पुस्तक संपलं की मामा ते एका पारड्यात ठेवतात. दुसऱ्या पारड्यात वजनं, आणि वजनांच्या सोबत दोन रिकामे पुठ्ठे. हे पुठ्ठे कशाला, असं मी एकदा विचारलं.

"आवो साहेब, बांधणी नको का वजा करायला? पुठ्ठा वाचतंय का कोण?"

मग काटा स्थिर झाला की भिंतीवरच्या पाटीवर खडूने आकडा चढतो. चारशे दहा ग्रॅम. दोनशे पंच्याऐंशी ग्रॅम. एकदा एका कवितासंग्रहाला पंचावन्न ग्रॅम मिळाले तेव्हा मामांनी तो पुन्हा तोलून पाहिला होता.

मामांनी मंडईत चाळीस वर्षं भाजीचा गाळा चालवला. शिक्षण चौथीपर्यंत. गाळा पुतण्याला देऊन ते आणि मामी इथे राहायला आले, आणि त्याच वर्षी सोसायटीच्या ग्रुपवर मेघनाने वाचनाचं आव्हान टाकलं: वर्षभरात पन्नास पुस्तकं. मेघना आयटीतली. तिने आव्हानाला नाव, चिन्ह, रंगीत तक्ता असं सगळं दिलं होतं. पुस्तक संपलं की त्याचा फोटो टाकायचा, खाली तीन ओळींचा अभिप्राय. बावीस जणांनी नावं दिली. पहिलं नाव माझं होतं. दुसरं झेंडेमामांचं.

मामांचा आणि मेघनाचा पहिला खटका पहिल्याच आठवड्यात उडाला.

"मामा, चॅलेंज पन्नास बुक्सचं आहे. तुम्ही ग्रुपवर 'आज पाऊण किलो' असं काय टाकता?"

"पोरी, नगावर लिंबं मोजत्यात. ही बघ, तुझी दोन पुस्तकं माझ्या एका पुस्तकाच्या निम्म्यात बसली. मग तू दोन आणि मी एक? हा कुठला न्याय?"

मेघनाने त्यांना आपलं पुस्तकं वाचायचं यंत्र दाखवलं. ह्यात चारशे पुस्तकं आहेत म्हणाली. मामांनी ते लगेच तराजूत टाकलं. एकशे नव्वद ग्रॅम! मामांनी बोटांवर हिशोब केला. "म्हंजे एका पुस्तकाला अर्धा ग्रॅम बी न्हाई," ते शेवटी म्हणाले. "एवढं कमी माप मंडईत दिलं असतं, तर बायकांनी मला पिशवीसकट उचलून नेलं असतं."

पण खरी मजा त्यांच्या अभिप्रायांची. बाकी आम्ही सगळे 'मन हेलावून गेलं', 'विचार करायला भाग पाडलं' वगैरे लिहायचो. मामा लिहायचे: 'माल खरा. पण मधली शंभर पानं जून निघाली.' यशस्वी कसं व्हावं ह्यावरच्या एका पुस्तकाबद्दल: 'पाणी मारून ताजं दिसतंय. घरी नेईपर्यंत सुकतं.' एका पुढाऱ्याच्या आत्मचरित्राबद्दल: 'बटाटा. मातीसकट तोललाय.' आणि कवितांबद्दल, पंचावन्न ग्रॅमच्या त्या धक्क्यातून सावरल्यावर: 'पालेभाजी. ढीग दिसतो, शिजल्यावर वाटीभर. पण अंगाला लागते.'

लोक पुस्तकं वाचेनासे झाले, मामांचे अभिप्राय वाचू लागले.

त्यांची आणखी एक सवय सांगायला हवी. मंडईत भाजी तोलून झाली की गिऱ्हाइकाच्या पिशवीत वर चार काड्या कोथिंबीर फुकट टाकायची पद्धत. मामांनी ती वाचनातही आणली. रोजचं ठरलेलं वाचन झालं की वर दोन पानं जास्त. "माप पुरं केल्यावर वरचं टाकायला लागतंय, साहेब. त्याशिवाय गिऱ्हाईक परत येत न्हाई." इथे गिऱ्हाईक कोण, हे मला कळत नव्हतं.

ते कळलं वाचन-मॅरेथॉनच्या दिवशी. एका रविवारी सकाळी आठ ते संध्याकाळी आठ, सोसायटीच्या हॉलमध्ये बसून सगळ्यांनी वाचायचं. अट एकच: शांतता. मामा गोणपाट, पाण्याचा तांब्या आणि एक जाडजूड पुस्तक घेऊन आले, मधोमध बसले, ओळीखाली बोट ठेवलं आणि मंडईत चाळीस वर्षं कमावलेल्या आवाजात वाचायला लागले.

"मामा, मनात वाचा ना!" मेघना.

"मनात वाचलं तर कानाला काय कळणार?"

"निदान हळू तरी!"

मामांनी आवाज हळू केला. तो गेटवरच्या वॉचमनला ऐकू आला, कारण पाच मिनिटांत तो दारात येऊन उभा राहिला. दुपारपर्यंत हॉलमध्ये कोणी आपलं पुस्तक वाचत नव्हतं. सगळे मामांच्या पुस्तकातल्या विहिरीत नेमकं कोण पडलंय हे कळायची वाट बघत होते. एक बाई डोशाचं पीठ आंबतं आहे हे विसरल्या. आणि पाच वाजता, विहिरीत दोर सोडलेला असताना, मामांनी पुस्तक मिटलं.

हॉलमध्ये जवळजवळ दंगल झाली. "अहो, वर कोण येतं ते तरी सांगा!"

"फुडचं आधी मामीला वाचायचं. मग तुमाला." मामा गोणपाट झटकत उठले. "ती चार वाजल्यापासनं खोळंबली असंल."

मामींना वाचता येत नाही. गुडघ्यांमुळे जिना उतरवत नाही. रोज संध्याकाळी मामा त्यांना वाचून दाखवतात, आणि मामींनी ऐकल्याशिवाय पान मोजत नाहीत. म्हणून तर पाटीवरचा आकडा इतक्या सावकाश चढायचा.

आता माझ्याबद्दल लिहिणं भाग आहे. मला ते टाळायचं होतं.

त्या वर्षी ग्रुपवर माझ्या नावापुढे एकोणपन्नास पुस्तकं लागली. मी त्यातली अकरा वाचली. बाकीच्यांचं मलपृष्ठ वाचलं, प्रस्तावना चाळली, आणि 'मन हेलावून गेलं' लिहिलं. सुरुवात एका पुस्तकापासून झाली, ऑफिसात कामाचा ताण होता म्हणून. मग मेघनाने टाळ्यांचं चित्र पाठवलं, आणि पन्नाशी उलटलेल्या माणसाला टाळ्यांची इतकी भूक असू शकते हे मला तेव्हा कळलं. प्रत्येक खोट्या पुस्तकानंतर मी पुढचं खरं वाचायचं ठरवायचो. बायको म्हणाली, "तुमचा वेग बघता पन्नास वर्षांचा संसारही तुम्ही मलपृष्ठावरच उरकाल." मी हसलो. तिला माहीत होतं की नव्हतं, हे विचारायचं धाडस झालं नाही.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मामा मला बोलवायला आले. मी वर गेलो. मामी खाटेवर मेथी निवडत बसल्या होत्या. मामांच्या हातात एक कादंबरी होती. तिचं नाव सांगत नाही, कारण शेवट सांगावा लागणार आहे. वडिलांशी भांडून घर सोडून गेलेल्या एका मुलीची ती गोष्ट. ऑगस्टमध्ये मी ती वाचल्याचं जाहीर केलं होतं. 'शेवट तर अप्रतिम', असंही लिहिलं होतं.

"साहेब," मामा म्हणाले, "शेवटची आठ पानं मला वाचवंनात. तुमचं वाचून झालंय. तुमीच सांगा मामीला. ती पोरगी घरी येती का?"

मामींचा हात मेथीच्या जुडीवर थांबला.

भिंतीवर त्यांच्या मुलीचा फोटो होता. शालनचा. ती नऊ वर्षांपूर्वी घर सोडून गेली होती, हे सोसायटीत सगळ्यांना माहीत होतं. दिवाळीत मामींना तिचा फोन येतो. ती येत नाही.

मी ते पुस्तक उघडलंही नव्हतं.

"येते," मी म्हणालो. "म्हणजे काय, येतेच! सकाळच्या एसटीने येते. वडील दार उघडतात. ती म्हणते, चहा टाका." मला थांबताच येईना. "मग ती आईच्या शेजारी बसून भाजी निवडते."

मामी पुन्हा मेथी निवडू लागल्या, पण आता त्यांचा हात भराभर चालत होता.

दुसऱ्या दिवशी अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या बाजारात जाऊन मी ती कादंबरी विकत घेतली आणि दोन दिवसांत पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचली. ती येत नाही. शेवटच्या पानावर म्हातारा स्टँडवर उभा असतो आणि शेवटची गाडी रिकामी निघून जाते.

एकतीस तारखेच्या दुपारी मी पुस्तक घेऊन वर गेलो. मामा गॅलरीत तराजूपाशी बसले होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. ती येत नाही. मी वाचलं नव्हतं. एकोणपन्नासपैकी अडतीस वाचली नव्हती.

"ठाऊक हाय," मामा म्हणाले.

"काय ठाऊक आहे?"

"दोन्ही. ग्रंथालयातनं तुमच्याचकडची प्रत माझ्याकडं आली. मधली सोळा पानं छापखान्यातनंच एकमेकाला चिकटलेली. मीच सुरीनं सोडवली. आणि शेवट तर मी मनात वाचलावता."

"मग मला कशाला विचारलंत?"

मामांनी वजनं उगाच इकडची तिकडे केली. "मला खोटं माप देता येत न्हाई, साहेब. चाळीस वर्षांत न्हाई दिलं. आणि खरं तिच्यापुढं वाचवत न्हाई. तुमाला जमतं, म्हणून तुमाला बोलावलं."

आयुष्यात मला पुष्कळ बोलणी बसली आहेत, पण इतक्या मऊ आवाजात कधी नाही.

मग त्यांनी पाटीकडे बोट केलं. अठरा किलो चारशे ऐंशी. "साडेअठराला वीस ग्रॅम कमी. ती आठ पानं वजा धरली. चार दिवस आकडा तिथंच अडकलाय."

"साडेअठराच का?"

मामांनी दारातून आतल्या फोटोकडे पाहिलं. "बारावी झाल्यावर शालनला फुडं शिकायचं होतं. मी म्हणलं, गाळ्यावर बस. ऐकंना. मग रागाच्या भरात तिची सगळी पुस्तकं ह्याच तराजूत घातली आणि रद्दीवाल्याला दिली. साडेअठरा किलो भरली. ती समोर उभी होती. मी मोठ्यानं वजन सांगितलं, साहेब. गिऱ्हाइकाला सांगतो तसं." त्यांनी पारडं हाताने थांबवलं. "जेवढं टाकलं तेवढं तरी वाचून काढावं, म्हणलं."

तेवढ्यात आतून मामींचा आवाज आला.

"आवो, या आत. आणि वाचा ती पानं."

आम्ही दोघं दारातच थबकलो.

"मला म्हाईत हाय ती येत न्हाई," मामी म्हणाल्या. "साहेबांचं तोंडच सांगत होतं. एसटीतनं उतरल्या उतरल्या कोण 'चहा टाका' म्हणतंय?"

मामा खाटेशेजारी गोणपाटावर बसले. ओळीखाली बोट ठेवलं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खरोखर हळू होता, गेटवर नव्हे, दारापर्यंतही गेला नसता. आठ पानांना त्यांना पाऊण तास लागला. रिकामी गाडी निघून गेली. मामांनी पुस्तक मिटलं, गॅलरीत जाऊन पाटीवरचा आकडा पुसला आणि साडेअठरा लिहिलं.

"झालं माप पुरं," ते आत येऊन म्हणाले.

मामींनी पदराने डोळे टिपले आणि माझ्याकडे पाहिलं.

"आता वरचं टाका, साहेब," त्या म्हणाल्या. "ती सकाळच्या गाडीनं येती, तिथनं सांगा."

मी त्यांच्या शेजारी बसलो आणि सांगायला लागलो. ह्या वेळी चहाचं वगळलं.