अजिंक्यांच्या गॅरेजचं दार

"गॅरेजचं दार मी स्वतः करणार," असं श्यामकांत अजिंक्यने शनिवारी दुपारी पानावर बसल्या बसल्या जाहीर केलं, आणि उर्मिलेच्या हातली आमटीची पळी वाटीऐवजी पाण्याच्या तांब्यात रिकामी झाली.

"तुम्ही?"

"मी. का? मला हात नाहीत?"

"हात आहेत हो. पण सुतारालाही आहेत, आणि त्याची दहाही बोटं अजून शाबूत आहेत."

श्यामकांत नुसता हसला. नवा छंद लागलेला माणूस असाच हसतो, त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. फोर्टमधल्या विमा कंपनीत तो अठरा वर्षं कारकून होता. अठरा वर्षांत त्याने पेन्सिलीला टोक काढण्यापलीकडे लाकूडकाम केलेलं नव्हतं. पण चार आठवड्यांपूर्वी फुटपाथवर त्याला घरच्या घरी सुतारकाम शिकवणारं एक इंग्रजी पुस्तक मिळालं. त्यातल्या चित्रात एक गोरा साहेब टाय लावून रंधा मारत होता आणि त्याची मडम शेजारी उभी राहून कौतुकाने बघत होती. टाय श्यामकांतकडे होता. मडमेचं काय ते आपण पाहतोच आहोत.

हे गॅरेज म्हणजे परळच्या भोईवाड्यातल्या अजिंक्यांच्या बैठ्या बंगल्यामागचा जुना गाडीखाना. आजोबांच्या काळी तिथे घोडा होता, काकांच्या काळी मोटार होती, आणि आता श्यामकांतच्या काळी तिथे फक्त वाळवी होती. उर्मिलेला तिथे शिवणाचा क्लास काढायचा होता. तीन वर्षं ती हेच म्हणत होती. मशीन येऊन पडलं होतं, आजूबाजूच्या सात बायकांनी नावं दिली होती, सोमवारचा मुहूर्तही ठरला होता. अडलं होतं फक्त दारापाशी, कारण जुनं दार वाळवीने पोखरलेलं, आणि तसल्या दाराआड मशीन ठेवलं तर सकाळी ते चोरबाजारात जाऊन शोधावं लागलं असतं.

त्यात गिरगावच्या दादांचा हुकूम आला. दादा म्हणजे श्यामकांतचे थोरले भाऊ कमलाकांत. त्यांच्यासमोर श्यामकांतला बेचाळिसाव्या वर्षीही खिशातून हात काढावेसे वाटत. दादांच्या घरी जुन्या सामानाने पाय ठेवायला जागा उरली नव्हती. मोडकी झुंबरं, तीन पायांचं टेबल आणि कुणीच वाजवत नसलेला पियानो, सगळं त्यांना परळला पाठवायचं होतं. ते स्वतः येऊन सांगून गेले, "रविवारी संध्याकाळी येईन. दार लागलेलं असलं तर उर्मिलेने खुशाल क्लास काढावा. नसलं, तर सोमवारी सकाळी माझं सामान येईल. उगाच जागा रिकामी ठेवायची म्हणजे काय?"

श्यामकांत "हो दादा" म्हणाला. तो दादांना दुसरं काही म्हणाल्याचं घरात कुणाला आठवत नव्हतं.

तर शनिवारी दुपारी कामाला सुरुवात झाली, आणि ती इतकी झकास झाली की बघत राहावं! जुनं दार काढायला श्यामकांतला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. नुसता हात लावला आणि बिजागऱ्या आपणहून हातात आल्या. "बघितलंस?" तो ओरडला. मग मापं घ्यायची म्हणून त्याने उर्मिलेकडे टेप मागितला. ती पोलक्याचं कापड बेतत होती. तोंडात टाचण्या धरून तिने टेप पुढे केला आणि सवयीने म्हणाली, "शिलाईला चारी बाजूंनी इंच सोडून घ्या हं."

श्यामकांतने सोडला. चारी बाजूंनी!

लाकडं कापून, फळ्या ठोकून, घामाघूम होऊन त्याने दार उभं केलं, तर ते चौकटीत जाईना. आडवं करून बघितलं, तिरकं करून बघितलं, खांद्याने ढकलून बघितलं. शेवटी तो घरात आला. "उर्मिला, शिलाई कुठे असते गं दाराला?"

उर्मिला आधी हसली, मग हसता हसता रडकुंडीला आली, कारण बाहेर अंधारायला लागलं होतं. "अहो, उद्या दादाभावजी येणार! त्यांचा तो पियानो एकदा आत शिरला की माझ्या तिरडीबरोबरच बाहेर निघेल!"

"असं काय बोलतेस? सकाळी तासतो की चारी बाजूंनी."

रविवारी सकाळी त्याने रंधा हातात घेतला आणि तासायचा आनंद त्याला असा काही चढला की लाकडाची साल लांबच लांब निघतेय आणि हा आपला शीळ घालतोय. उर्मिला चहा घेऊन आली तेव्हा दार चौकटीतून आरामात पलीकडे जात होतं. दोन्ही बाजूंना दोन दोन बोटं फट!

मग मात्र उर्मिलेचा तोल गेला. तिने बेतायचा खडू उचलला आणि कंपाउंडला टेकवून ठेवलेल्या जुन्या दारावर हातभर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'रविवारी दरवाजा', आणि त्याखाली दोनदा अधोरेखित करून, 'झालाच पाहिजे!' खडू तिथेच टाकून ती तरातरा आत निघून गेली.

श्यामकांतला ते लागलं. फट बुजवायला पट्ट्या हव्या होत्या आणि जुन्या दाराचा वरचा भाग वाळवीतून वाचला होता. त्याने करवत घेऊन तो वरचा भाग कापून काढला आणि उरलेलं दार फाटकापाशी, रस्त्याकडे तोंड करून उभं करून ठेवलं. आपण नेमकं काय कापलं आणि काय ठेवलं, हे त्या भल्या माणसाच्या लक्षातही आलं नाही.

ते लक्षात आलं जयवंत परबच्या. जयवंत लालबागच्या एका गिरणीत फिटर होता आणि संयुक्त महाराष्ट्र समितीचा धडाडीचा कार्यकर्ता होता. त्या संध्याकाळची त्याची सभा ज्या मैदानात व्हायची होती, तिथल्या मालकाने ऐनवेळी कच खाल्ली होती. वीस-पंचवीस माणसं, दोन झेंडे आणि भाड्याचा कर्णा घेऊन तो जागा शोधत फिरत होता. आणि समोर बघतो तो काय! परळमधल्या एका बंगल्याच्या फाटकात, पोलिसांच्या नाकावर टिच्चून, दोनदा अधोरेखित केलेलं 'झालाच पाहिजे!'

"शाबास रे वाघा!" जयवंत आत शिरला. "सायबानू, बंगल्यातलो मानूस इतक्या धीराचो आमी पयलोच बघलव! आमका आज सभेक जागा व्हयी. हय घेतलेली चलात?"

श्यामकांतच्या तोंडात त्या वेळी सहा खिळे होते. पुस्तकातला साहेब खिळे तोंडात धरत असे. तोंड उघडावं तर खिळे पोटात जायची भीती. त्याने जोरात मान हलवून "उंहूं" म्हणायचा प्रयत्न केला, पण खिळ्यांमधून आवाज आला तो "हूं".

"व्हय म्हणतत!" जयवंत मागे वळून ओरडला. "घेवा रे सतरंजी आत!"

झालं! श्यामकांतने एकेक खिळा काढेपर्यंत अंगणात सतरंज्या पसरल्या, पेरूच्या झाडाला कर्णा टांगला, आणि दोन पिंपांवर श्यामकांतचं नवं कोरं दार आडवं टाकून त्याचं व्यासपीठ झालं. मनातून श्यामकांतही संयुक्त महाराष्ट्रवालाच होता. ट्राममध्ये कुणी विरुद्ध बोललं तर तो रागाने खिडकीबाहेर बघत असे. पण कर्ण्याच्या हाकेने आजूबाजूच्या चाळी लोटल्या, आणि स्वतःच्या अंगणात चारशे माणसं म्हणजे फारच झालं. "अहो, ते दार आहे," तो म्हणत होता. "सायबानू, मस्त मजबूत आसा," असं त्याला उत्तर मिळत होतं, आणि खरं सांगायचं तर ते ऐकून त्याला थोडं बरंही वाटत होतं.

पाच वाजता त्या गलक्याने उर्मिला वामकुक्षीतून उठून मागल्या दारी आली. बघते तर तिच्या दारावर एक धिप्पाड माणूस नाचून नाचून बोलतोय आणि दर वाक्याला फळ्या करकरताहेत. तिचं डोकंच फिरलं. पदर खोचून ती गर्दीतून वाट काढत थेट पुढे गेली. "उतरा खाली! आधी उतरा! मला बोलायचंय!"

"बाईमानूस बोलतला! गप ऱ्हवा!" जयवंतने वक्त्याला खाली ओढलं, उर्मिलेला हात देऊन वर घेतलं आणि कर्ण्याचं बोलायचं बोंडकं तिच्या हातात दिलं.

"तीन वर्षं!" उर्मिला कडाडली. आपलाच आवाज पेरूच्या झाडातून ऐकून ती क्षणभर दचकली, पण आता माघार कसली! "तीन वर्षं मी ऐकतेय, आज होईल, उद्या होईल! नुसती मापं घेतात! एकदा वाढवून ठेवलं, मग तासून लहान केलं! हा काय पोरखेळ आहे?"

"नाय! नाय!" चारशे गळे गरजले.

"आणि आता बाहेरचे येऊन सांगणार, जागा आमची! का म्हणून? मी झाडायची, मी सारवायची, आणि सामान यांचं येऊन पडायचं? मला माझी जागा पाहिजे! सगळी पाहिजे! कोपरा तोडून दिलेला मला चालायचा नाही!"

"मुंबईसह!" कुणीतरी किंचाळलं, आणि मग जो काही गजर झाला! टोप्या उडाल्या, मागच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. जयवंत तर ढसाढसा रडत होता. "काय बोलतत बाय! काय बोलतत!" उर्मिला भांबावून बघत राहिली. आपल्या घरच्या गाऱ्हाण्याशी इतके लोक सहमत असतील असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

नेमक्या त्याच वेळी कोट, काठी आणि काळी टोपी घालून दादा फाटकातून आत आले. "हेच ते, सामान यांचंच!" म्हणत भावजय आपल्याकडे बोट दाखवतेय आणि चारशे माणसं मागे वळून आपल्याकडे डोळे वटारून बघताहेत, हे त्यांनी पाहिलं. पण दादा म्हणजे दादाच. ते श्यामकांतजवळ येऊन हळूच पण ठणकावून म्हणाले, "भाषणं पुष्कळ झाली. दार कुठाय?"

"दादा, ती त्याच्यावरच उभी आहे."

"मग लागलेलं नाही. सोमवारी पियानो येईल."

श्यामकांतचं तोंड एवढंसं झालं. जयवंत जवळच उभा होता. त्याने डोळे पुसत विचारलं, "खयचा दार?" श्यामकांतने एका दमात सगळं सांगितलं, शिलाईच्या इंचासकट. जयवंत पोट धरून हसला. "हात् तुमच्या! पंधरा मिनटांचा काम! गिरणीतली येवढी मशीनां फिट करतव, दार काय घेवन बसलात? धरा रे!"

सभा संपली आणि गिरणीतले चार फिटर दाराला भिडले. पट्ट्या बसल्या, बिजागऱ्या बसल्या, दार चौकटीत असं गेलं की मधून पोस्टकार्डसुद्धा जाऊ नये. "निदान कुलूप तरी मी लावतो," श्यामकांत गयावया करून म्हणाला. जयवंतने त्याला लावू दिलं. पुस्तकातलं चित्र बघून त्याने खटक्याचं कुलूप बसवलं, पण पुस्तक उलटं धरलेलं असावं. मूठ भलतीकडे फिरवून, दार जरासं वर उचलल्याशिवाय ते उघडेना. श्यामकांतने दोनदा गुपचूप उघडून पाहिलं आणि उद्या दुरुस्त करू म्हणून तो गप्प बसला.

"बाहेरून ठीक दिसतंय," दादा म्हणाले. "आतून बघतो." ते आत गेले आणि त्यांनी दार धाडकन ओढून घेतलं. खटका पडला.

आत दादांची काठी इकडेतिकडे ठकठकली. मग आतून मूठ खडखडली. "श्याम! उघडत नाही रे हे!"

जयवंत पुढे सरसावला. "लाथ घालू?"

"खबरदार!" उर्मिला म्हणाली. "माझं दार नवं आहे!" मग ती दारापाशी वाकून गोड आवाजात म्हणाली, "दादाभावजी, दार लागलं ना हो?"

"लागलं! आता उघडा!"

"मग क्लास काढू ना मी? तुमचं सामान नाही ना यायचं?"

"ते... निम्मी जागा माझ्या सामानाला राहील! पियानो तरी येणारच!"

उर्मिलेचा चेहरा पडला. तिने नवऱ्याकडे पाहिलं. श्यामकांत मुठीपाशी उभा होता. त्याने मूठ धरली, सरळ बाजूला दोनदा फिरवली आणि हताशपणे मान हलवली. "नाही हो दादा. अडकलंय. मला वाटतं, चौकटच काढावी लागेल."

"काढ मग!"

"काढतो ना. पुस्तक शोधतो आधी."

तो अंगणात पिंपावर जाऊन बसला. उर्मिलेने चहा आणला, तो त्याने बशीत ओतून, फुंकर मारत घेतला. जयवंतलाही दिला. आत दादांनी आधी काठी आपटली, मग श्यामला हाक मारली, मग उर्मिलेला, आणि मग आत डास फार आहेत अशी तक्रार केली. अर्ध्या तासाने आतून अगदी मवाळ आवाज आला. "उर्मिला, ऐकतेस का गं? जागा तुझी. सगळी तुझी. पियानो मी विकून टाकतो."

अंगणात उरलेल्या पंचवीस माणसांनी अशी आरोळी ठोकली की पेरूवरचे कावळे उडाले. श्यामकांतने बशी खाली ठेवली, दारापाशी येऊन मूठ उलटी फिरवली, दार खांद्याने जरासं उचललं, आणि ते लोण्यासारखं उघडलं.

दादा घाम पुसत बाहेर आले. त्यांनी मुठीकडे पाहिलं, मग धाकट्या भावाकडे.

"एवढंच होतं?"

"एवढंच, दादा."

"मग मघापासून का नाही उघडलंस?"

श्यामकांतचे दोन्ही हात खिशात होते. "मघापासून तुम्ही पियानो आणत होता ना, दादा."