लाल शाईची दुरुस्ती

मंगळवार, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. स्थळ: आमच्या घराची बाहेरची खोली. काचेच्या टाकीतलं खारं पाणी खुणेच्या रेषेखाली दोन बोटं गेलेलं होतं आणि घरात मी एकटा होतो.

टाकी बायकोची. तीत दोन नारिंगी मासे आणि एक जिवंत प्रवाळ. तीन वर्षांपूर्वी ते अंगठ्याच्या नखाएवढं होतं, आता मुठीएवढं झालंय. उठल्यावर ती आधी त्याला बघते, मग मला. (तक्रार नाही. रंग त्याचाच चांगला आहे.) बहिणीच्या ऑपरेशनसाठी ती आठ दिवस गेली आणि जाताना चिठ्ठी ठेवून गेली: 'रोज सकाळी रेषेपर्यंत फिल्टरचं गोडं पाणी घालणे. बाकी कशालाही हात लावू नये.'

मी तीस वर्षं बातमीदारी केली. पाणीपुरवठा खात्याविरुद्ध माझे अकरा लेख आहेत. समुद्राच्या माशांना गोडं पाणी? घाईत चुकली असणार. फोन करून विचारता आलं असतं. (नवशिक्या बातमीदारांना मी हेच बजावतो: आधी विचारा, मग लिहा.) मी लाल पेन काढलं, 'फिल्टरचं गोडं' खोडलं, वर 'खारं' लिहिलं. शेजारी पिंप होतं. टाकीतलं पाणी अधूनमधून बदलावं लागतं, त्यासाठी तिने त्यात मीठ कालवून ठेवलेलं. त्यातले दोन तांबे मी रोज ओतू लागलो.

सहाव्या दिवशी प्रवाळ मिटलं. सातव्या दिवशी त्याची एक बाजू पांढरी पडली. मासे कोपऱ्यात तोंड खुपसून बसले. मी भडकलो आणि प्रवाळ विकणाऱ्या दुकानदाराला घरी बोलावून घेतलं.

"तुम्ही सडका माल विकलाय."

"साहेब, ताईंनी नेला त्याला तीन वर्षं झाली."

"म्हणजे तीन वर्षं लपवलंत. मी कोण आहे, माहीत आहे ना?"

"हो. ताई सांगतात."

"काय सांगतात?"

"टाकीपासून लांब ठेवावं लागतं म्हणून."

त्याने पाण्याचा खारेपणा मोजला आणि भुवया वर केल्या. "रोज कुठलं पाणी घालता?"

"खारं. लेखी सूचना आहे." मी पुरावा म्हणून चिठ्ठी पुढे केली.

त्याने चिठ्ठी वाचली. लाल रेघ बघितली, मग माझ्या खिशातलं पेन बघितलं आणि चिठ्ठी घडी घालून परत दिली.

"साहेब, उडून जातं ते नुसतं पाणी. मीठ टाकीतच राहतं. तुम्ही आठवडाभर मिठावर मीठ चढवताय."

शाळेच्या पुस्तकात असतं हे. मी ते पाठ करून मार्कही मिळवले होते.

"वाचेल का?" माझा आवाज एवढा बारीक असतो हे मला माहीत नव्हतं.

"अर्धं वाचेल कदाचित. पण आता भसकन गोडं ओतू नका. रोज थोडं थोडं. आणि ताईंना काय झालं ते सांगून टाका."

पहिलं काम मी इमानाने केलं.

बायको आली ती बॅग हातात घेऊनच टाकीसमोर उभी राहिली. पांढऱ्या बाजूला काचेवरून बोट लावलं.

"अहो, काय झालं हे?"

ज्या उत्तरासाठी मी तीस वर्षं अधिकाऱ्यांची सालटी काढली, तेच माझ्या तोंडून बाहेर पडलं. "चौकशी चालू आहे."

"कोण करतंय?"

"ते अजून ठरायचंय."

ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

प्रवाळ अर्धं जगलं. चिठ्ठी आता टाकीच्या काचेवर चिकटवलेली आहे. लाल रेघेभोवती तिने निळ्या शाईने गोल काढलाय आणि शेजारी विचारलंय, 'दुरुस्ती कोणी केली?' घरात माणसं दोन, लाल पेन एक. आज एकविसावा दिवस. खुलासा आलेला नाही.