शेवटच्या गाडीचा फिल्टर

माणसाचा शेवटचा प्रवास सुखाचा व्हावा, याबद्दल जगात कुठेही दुमत नाही. मतभेद आहेत ते फक्त डिझेल फिल्टरबद्दल.

वस्तीच्या अंतिम प्रवास सेवा मंडळाकडे एक शववाहिका होती. पांढरी, डिझेलवर चालणारी, वयाने आपल्या प्रवाशांपेक्षा लहान, पण प्रकृतीने त्यांच्याच बरोबरीची. सकाळी तिला उठवायचं म्हणजे ड्रायव्हर आधी तिच्याशी गोड बोले, मग वाईट. निघाली की चौकापर्यंत हिसके देई आणि पुलाच्या चढावर दोनदा खोकून बंद पडे. तिथून पुढे शोकाकुल मंडळी ढकलत. मंडळाच्या पाहणीनुसार शंभरातल्या एकाहत्तर प्रवाशांना असं हाताने पोचवावं लागलं. प्रवाशांकडून मात्र एकही लेखी तक्रार आली नाही. (तोंडीही नाही.) उलट धक्का मारण्याचे सामाजिक फायदेच होते. वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड न पाहिलेले चुलतभाऊ त्या गाडीला मागून एकत्र खांदा लावत, आणि धाप लागल्यामुळे भांडत नसत.

दोष फिल्टरचा आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. डिझेलमधला गाळ आणि पाणी अडवणारी ही डबी पार चोक झाली होती, त्यामुळे इंजिनापर्यंत डिझेलच पोचत नव्हतं. बदलायची म्हटलं, तर कंपनीने त्या मॉडेलचे पार्ट बनवणं कधीच सोडून दिलेलं. म्हणजे बाहेरचा फिल्टर घ्यायचा, आणि बाहेरचा म्हटलं की कुठला, हा प्रश्न आलाच. मंडळाचे अध्यक्ष हा प्रश्न दर बैठकीत उपस्थित करत, आणि चहा आला की पुढच्या बैठकीवर ढकलत. (मंडळाला ढकलायची सवय होती.)

अध्यक्षांना सगळे चिरंजीव म्हणत. वय एकोणसाठ. वडील 'हे आमचे चिरंजीव' अशी ओळख करून देत. ते नाव लहानपणी चिकटलं ते टक्कल पडलं तरी निघालं नाही. वडील बस डेपोचे निवृत्त अधीक्षक, वस्तीच्या तोंडी डेपोसाहेब. चौतीस वर्षांत त्यांच्या डेपोतून एकही गाडी उशिरा सुटली नाही आणि एकाही गाडीला स्टँडवर धक्का मारावा लागला नाही. हा विक्रम ते पाहुण्यांना चहाच्या आधी ऐकवत, कारण चहा झाला की पाहुणे उठतात, असा त्यांचा अनुभव होता.

नव्वदी ओलांडल्यावर डेपोसाहेबांनी अंथरूण धरलं. डॉक्टरांनी चिरंजीवांना बाजूला घेऊन सांगितलं, "घरी न्या आता. दोन-चार दिवसांचा प्रश्न आहे. मागतील ते द्या." चिरंजीवांनी पलंग खिडकीशी लावला आणि शेजारी स्टुलावर बसून राहिले. साठीला टेकलेल्या माणसाला पोरकं व्हायची भीती वाटते, हे कुणाला सांगायची सोय नसते. चिरंजीवांना ती वाटत होती आणि त्यांनी ती कुणालाही सांगितली नव्हती.

त्याच दुपारी खिडकीखालून शववाहिका गेली. गेली म्हणजे, आली आणि थांबली. आत समोरच्या घरातले शिंपीबुवा होते. आठ माणसं धक्का मारत होती. एकाची चप्पल मागे राहिली, ती आणायला तो वळला, तशी गाडीही वीतभर मागे आली. डेपोसाहेबांनी आठवडाभरात पहिल्यांदाच डोळे पूर्ण उघडले.

"मला असं नेणार?"

"नाही हो बाबा, ते आपलं..."

"धक्का मारत?"

चिरंजीवांनी खिडकी लावून घेतली.

"गाडी तयार नसेल तर प्रवासी चढवायचा नाही," डेपोसाहेब म्हणाले. "फिल्टर बदला. मग मी निघतो." आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. चार दिवस उलटले, पाचवा उजाडला, तरी ते काही निघाले नाहीत.

चिरंजीव आज्ञाधारक. ते पार्टच्या दुकानात गेले. दुकानदाराने काउंटरवर तीन फिल्टर मांडले: एक पिवळ्या खोक्यात, एक निळ्या खोक्यात, आणि एक बिनखोक्याचा, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. "पिवळ्याचा कागद बारीक, निळ्याचा जाड," तो म्हणाला. तिसऱ्याबद्दल विचारल्यावर म्हणाला, "त्याच्याबद्दल बोलायचं नसतं. तो फक्त लावायचा असतो." चिरंजीवांना काही ठरवता येईना. बाबांनाच विचारू म्हणून ते तिन्ही घरी घेऊन आले.

डेपोसाहेबांनी आधी चष्मा मागितला. मग पाठीला उशी मागितली. मग कवळी मागितली, कारण कवळीशिवाय त्यांना ओरडता येत नसे. "बारीक कागदाचा फिल्टर गाळ सोडत नाही, पण लगेच चोक होतो. जाड कागदाचा चोक होत नाही, पण मग तोच गाळ नोझल खातो. आणि हा पेपरातला? हा कुणाचा कोण?" एवढं बोलून झाल्यावर त्यांना भूक लागली. अर्धा कप चहा आणि दोन बिस्किटं पोटात गेली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्यांची नाडी दोनदा पाहिली, आणि मग एकदा स्वतःची.

तेव्हा चिरंजीवांच्या डोक्यात उजेड पडला. बाबा फिल्टरसाठी थांबलेत. फिल्टर ठरला की निघणार. मग फिल्टर ठरायची घाई कुणाला आहे? त्यांनी त्याच संध्याकाळी फिल्टर निवड समिती स्थापन केली. उशीर करणाऱ्या समित्या जगात पुष्कळ झाल्या असतील, पण उशीर करायचा असं मनात धरून, वेळेवर स्थापन झालेली ही पहिलीच.

समितीत तीन जण होते. स्वतः चिरंजीव. निवृत्त रसायनमास्तर, कारण त्यांच्या घरी काचेची भांडी होती. आणि दातांचे डॉक्टर, कारण बारीक भोकांचा त्यांना अनुभव होता. पहिल्या बैठकीत फिल्टर म्हणजे काय, हे ठरवायचं ठरलं. दुसऱ्या बैठकीत ते ठरलं नाही. तिसऱ्या फिल्टरला गुंडाळलेल्या वर्तमानपत्रावर अर्धं शब्दकोडं होतं. उरलेलं अर्धं पाहिल्याशिवाय मत देणं एकांगी होईल, असं दातांच्या डॉक्टरांचं म्हणणं पडलं. रसायनमास्तरांनी तिन्ही फिल्टरमधून डिझेल गाळून तीन बरण्यांत भरलं आणि पाणी खाली बसायची वाट पाहू लागले. पाणी बसत आलं की मांजर बरणी पाडी. (मांजर समितीचं सदस्य नव्हतं, पण कामात सर्वांत नियमित तेच होतं.)

रोज संध्याकाळी चिरंजीव पलंगाशी बसून बाबांना प्रगती सांगत. प्रगती नाही, हे ऐकून डेपोसाहेब संतापत. संतापाने त्यांच्या गालांवर रंग चढे आणि ते जेवत. चिरंजीवांना इतकं बरं वाटे की लगेच उठून रसायनमास्तरांच्या मांजरासाठी ते दूध पोचवून येत.

ही बातमी वस्तीत पसरायला वेळ लागला नाही. दातांच्या डॉक्टरांच्या आई, वय अठ्ठ्याऐंशी, म्हणाल्या, "मीसुद्धा धक्क्याने जाणार नाही. मला सांगा काय ते ठरलं की." पाठोपाठ इतर आजी-आजोबांनीही तसंच कळवलं. वर्षभरात शववाहिकेची एकही फेरी झाली नाही. आरोग्य खात्याचे अधिकारी येऊन नळाच्या पाण्याचे नमुने घेऊन गेले. ड्रायव्हर दुपारचा गाडीतच आडवा होई. वर्षातला तो एकमेव प्रवासी, आणि तोही चहाच्या वेळी उठून बसे. शेवटी वारसांनी कृती समिती काढली आणि मंडळाच्या दारात धरणं धरलं. "आमचं कुणाच्या जाण्याशी काही देणंघेणं नाही," त्यांचे पुढारी म्हणाले. "आम्हाला फक्त गाडी चांगली हवी."

चिरंजीवांनी त्यांना चहा पाजून समितीत उपसमिती नेमली. सगळं सुरळीत चाललं होतं. सूनबाईंनी, म्हणजे चिरंजीवांच्या पत्नीने, एकदा तोंड उघडेपर्यंत.

"तुमच्या बैठका झकास चालतात," त्या म्हणाल्या. "बाबांच्या पाठीला जखमा झाल्यात, त्या मी धुते. कूस बदलताना ते उशी दातात धरतात. कवळी हवी असते ती त्यासाठी. तुम्ही आलात की ओरडून दाखवतात, तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

चिरंजीव त्या दिवशी बैठकीला गेले नाहीत. दुपारभर स्टुलावर बसले.

"कुठवर आलं?" डेपोसाहेबांनी विचारलं.

"पाणी खाली बसतंय, बाबा. बसलं की मग..."

"तू मुद्दाम करतोयस."

चिरंजीवांनी चादर सारखी केली. ती सारखीच होती.

"प्रवासी चढलाय, खिडकीशी बसलाय, पोचवायला आलेल्यांचे हात हलवून झालेत," डेपोसाहेब म्हणाले, "आणि गाडी सुटत नाही. चौतीस वर्षांत मी कुणाला असं बसवून ठेवलं नाही रे."

"मला नाही जमत, बाबा. तुम्ही गेल्यावर मला चिरंजीव कोण म्हणणार?"

"अख्खी वस्ती म्हणते."

"ते नुसतं नाव म्हणून म्हणतात."

डेपोसाहेबांनी त्यांचा हात हातात घेतला. पूर्वी कधी घेतल्याचं चिरंजीवांना आठवत नव्हतं. मग चिरंजीवांनी विचारलं, "कुठला लावू? पिवळा की निळा?"

"कुठलाही लाव. सगळे सारखेच. डेपोत हाताला येईल तो लावायचो. चौकशीला वेळ कुणाला होता? गाडी सोडायची असायची."

चिरंजीवांनी डोळे मिटून फिल्टरांच्या पिशवीत हात घातला. हाताला वर्तमानपत्र लागलं. खाली चौकात ड्रायव्हरने जुनी डबी काढली, नवी बसवली, हातपंप मारून नळीत अडकलेली हवा काढली. ठेवलेला चहा निवायच्या आत काम झालं. किल्ली फिरवली आणि गाडी अर्ध्या सेल्फमध्ये चालू झाली.

"रेस करायला सांग," वर डेपोसाहेब म्हणाले. ड्रायव्हरने रेस केली. ते कान देऊन ऐकत राहिले. मग म्हणाले, "ठीक आहे. सोड." आणि दिवेलागणीला ते गेले.

दुसऱ्या दिवशी गाडी इतकी सुरेख चालली की मागची मंडळी पळत होती. दातांचे डॉक्टर चौकातच मागे पडले. चिरंजीव ड्रायव्हरशेजारी बसले होते. पुलाचा चढ आला तेव्हा त्यांना मनापासून वाटलं की हिने एकदा, एकदाच, खोकावं. गाडी तशीच चढून गेली. मग चिरंजीव रडले, आणि ड्रायव्हरने आरसा दुसरीकडे वळवला.

समिती त्याच आठवड्यात बरखास्त झाली. दातांच्या डॉक्टरांच्या आईंनी ड्रायव्हरला बोलावून त्याला कोणते वार सोयीचे आहेत, ते विचारून घेतलं.

मंडळाने आता हिशेब मांडला आहे. फिल्टर दहा हजार किलोमीटर चालतो. वस्तीपासून शेवटच्या मुक्कामापर्यंत जाऊन-येऊन आठ किलोमीटर. (येताना गाडी रिकामी असते.) म्हणजे साडेबाराशे फेऱ्या. वस्तीची लोकसंख्या अकराशे बारा, हे वाचणारे तुम्ही धरून अकराशे तेरा. सगळे एका फिल्टरमध्ये बसतात. तरी कळवण्यात येतं की थांबायला आता कोणतंही तांत्रिक कारण शिल्लक नाही. घाई नाही, सवडीने या. फक्त तुमच्या दारासमोर लावलेली ती मोटारसायकल आजच बाजूला घेऊन ठेवा. गाडीला वळायला जागा लागते, आणि ऐन वेळी तुम्ही उठून ती हलवाल, असा मंडळाचा अनुभव नाही.