बारावं वांगं

मंजिरीनं नवऱ्याला फक्त बसायला सांगितलं होतं. "पंख्याखाली ट्रे आहे. मी आईकडं केकचा स्टँड पोचवून येते. हात लावू नका." एवढंच. पण उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये सतरा वर्षं माल तपासणाऱ्या निरंजनला नुसतं बसता येत नाही. (मिलमध्येही तो बसलेला कुणी पाहिलेला नाही. कामही फारसं पाहिलेलं नाही, पण ते जाऊ द्या.)

ट्रेमध्ये साखरेची बारा वांगी होती, लिंबाएवढी. मंजिरीनं लाडवातलाच खायचा डिंक गरम पाण्यात विरघळवून, गाळून, ग्लुकोज घालून मऊ ब्रशनं लावला होता. एक हात वाळला की दुसरा, दुसरा वाळला की तिसरा. वांगी अशी चमकत होती की बाजारातली खरी वांगी लाजावीत.

आणि ती चमकायलाच हवी होती. उद्या मंजिरीच्या वडिलांची पंचाहत्तरी. अनंतराव रेल्वेतून रिटायर झालेले, गच्चीवर वांगी लावणारे, भरितावाचून न जेवणारे. लेकीनं बँकेची नोकरी सोडून केक सुरू केले तेव्हापासून, म्हणजे दोन वर्षं, त्यांनी तिच्या हातचा एक घास खाल्ला नव्हता. "पोट्टी बँक सोडून साखर घोटून राहिली," एवढंच म्हणत. उद्या खाईन म्हणाले होते. मंजिरी आठवडाभर नीट झोपली नव्हती.

निरंजनला फक्त वाळलं का ते बघायचं होतं. त्यानं एका वांग्यावर अंगठा टेकवला. ठसा उमटला, आधार कार्डाला चालेल इतका स्पष्ट. तो मिटवायला त्यानं रुमाल घासला, तर रुमालाचे धागे चिकटले. धागे काढायला त्यानं वांगं नळाखाली धरलं. साखर पाण्यात विरघळते हे शाळेत शिकवतात. निरंजन त्या दिवशी बहुधा गैरहजर असावा. हातात हिरवा देठ तेवढा उरला.

तो तसाच स्कूटरवर पंडरीच्या बाजारात गेला. सजावटीच्या दुकानदारानं सांगितलं, "भैया, अकेला बैंगन नहीं मिलेगा. पूरी टोकरी लेनी पड़ेगी." एका वांग्यापायी त्यानं प्लास्टिकचे मुळे, भेंड्या, टोमॅटो सगळं घेतलं. घरी येऊन वांग्यावर उरलेला डिंक तीनदा चोपडला आणि ते ट्रेमध्ये बरोबर मधोमध ठेवून दिलं. मंजिरी आली, बारा मोजली आणि एकदा निरंजनकडं बघितलं. निरंजन रात्री छान झोपला.

दुसऱ्या दिवशी समता कॉलोनीतल्या सासऱ्यांच्या हॉलमध्ये पन्नास माणसं जमली. केक म्हणजे हुबेहूब वेताची टोपली, टोपलीत बारा वांगी. बायका मोबाइल काढून पुढं सरसावल्या. निरंजनही जवळ गेला आणि त्याला घाम फुटला. त्याचं स्वतःचं वांगं त्याला ओळखू येईना. काय हात आहे या बाईचा, असं त्याला मनापासून वाटलं आणि तो सासऱ्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. कारण सासऱ्यांनी मागच्याच महिन्यात कवळी बसवली होती.

"मले ते वरचं द्या," अनंतराव म्हणाले.

"थांबा बाबा, मी बघतो," म्हणून निरंजननं ते उचललं. दाबून बघितलं. साखरेचंच होतं.

"ठेवा आता," अनंतराव म्हणाले.

"हात लावलेलं परत कसं ठेवता?" सासूबाई, लताबाई, म्हणाल्या. "खाऊन घ्या जावईबापू."

त्यानं खाल्लं. सासऱ्यांनी दुसरं दाखवलं. त्यानं तेही उचललं. तेही साखरेचं निघालं, तेही खावं लागलं. तिसरं, चौथं, पाचवं. पाहुणे मोजू लागले. सातव्याला त्याचे दात, ओठ आणि शर्टाची कॉलर जांभळी झाली.

"काहून, दुपारी जेवले नाही का तुम्ही?" लताबाईंनी काळजीनं विचारलं.

आठवं मात्र अनंतरावांनी जावयाच्या हाताबाहेर धरलं आणि तोंडात टाकलं. निरंजननं डोळे मिटले. कुर्र असा आवाज आला. मग नुसतं चावणं.

"मंजिरी," अनंतराव घास गिळून म्हणाले, "माझ्या गच्चीवरच्या वांग्यालेबी एवढी चमक नाही आली कधी." आणि त्यांनी नववं उचललं. मंजिरी डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली.

निरंजन मागोमाग गेला. "ऐक, उरलेल्या तीन वांग्यांना कुणाला हात लावू देऊ नको. त्यात एक प्लास्टिकचं आहे."

"नाही आहे," मंजिरी म्हणाली. "ते मी सकाळीच काढलं. नवीन करून ठेवलं."

"तुला कळलं कसं?"

"बारा वांग्यांत तेच एक मळकट दिसून राहिलं होतं."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट पाहून राहिली होती." तिनं ओला नॅपकिन त्याच्या हातात दिला. "तोंड पुसा. जांभळे झाले."

महिन्याभरात मंजिरीकडं ऑर्डरींची रांग लागली. पुढच्या खोलीत तिनं काचेचं कपाट केलं आहे. त्यात तिचं एक वांगं आहे आणि शेजारी निरंजनचं. गिऱ्हाइकानं विचारलं की ती दोन्ही दाखवते आणि सांगते, "हे मी केलं आहे, आणि हे घरच्यांनी मदत केली की असं होते."