गड्डम सर आणि सहा खुणा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आई-वडिलांच्या आधी यल्लप्पा गड्डम यांचं नाव घेतो. आई-वडिलांना त्याचं वाईट वाटत नाही. मोहोळजवळच्या आमच्या घरातला पहिला बी.एस्सी. मुलगा सोलापूरच्या गिरणीत कॉम्प्युटरवर लागला, तो या माणसामुळं, हे त्यांना माहीत आहे.

गड्डम सर आमच्या कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख. त्यांच्याकडं पहिल्यांदा येणारा माणूस हमखास विचारायचा, "स्कोअर काय झाला?" कारण सर भर एप्रिलात माकडटोपी घालून, गळ्याला मफलर गुंडाळून, कॉम्प्युटरच्या कपाटावर ठेवलेल्या ट्रान्झिस्टरला कान लावून बसलेले असायचे. टोपीचं कारण एअरकंडिशनर. बाहेर डांबर वितळायचं आणि आत आमचे दात वाजायचे. ट्रान्झिस्टरवर मात्र कुठलंच स्टेशन लागलेलं नसायचं. मशीनमधल्या विजेमुळं उठणारी नुसती खरखर, मधेच शिट्टी, मधेच भुंग्यासारखा आवाज. मशीन आत काय करतंय ते त्या आवाजावरून सरांना कळायचं.

"आता बेरजा चालल्यात," ते म्हणायचे. "आता टेप वाचतंय. ऐक की!"

मला सगळी खरखर सारखीच वाटायची. मशीन अडलं की सर त्याच्यावर तेलुगूत रागवायचे. त्यांच्या घरातली सगळी माणसं मागावर. मॅट्रिक झाल्यावर तेही आधी मागावरच होते, पुढं रात्रशाळेतून इथवर आले. मुलाखतीत इंग्रजी बोलताना मी अडखळलो, तेव्हा साहेबाकडं न बघता ते म्हणाले, "इंग्रजी मी शिकवतो. ह्याला घ्या." आणि खरंच, मशीनचं जाडजूड पुस्तक त्यांनी माझ्याकडून बोट ठेवून ओळीनं वाचून घेतलं.

त्याच सरांशी नोकरीच्या पहिल्याच वर्षी माझं भांडण झालं.

झालं असं की, कापडाच्या उत्पादनाचा तक्ता सकाळी खात्यांना वेळेवर मिळेना. काम दुसऱ्या पाळीत चालायचं, पण संपता संपत नसे. मुंबईच्या मुख्य कचेरीतून पत्र आलं. पंधरवड्यात एक साहेब येणार, उशिराचं कारण कळलं नाही तर मशीन मुंबईला जाणार. म्हणजे आमचा विभाग बंद. मी तर अजून प्रोबेशनवर होतो. गावात आईनं आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

सगळ्यांचा संशय सुपरवायझरवर होता. सुपरवायझर म्हणजे माणूस नव्हे. मशीनच्या आत कायम बसून बाकीच्या प्रोग्रॅमना पाळीपाळीनं काम वाटून देणारा तो मूळ प्रोग्रॅम. तो सरांनीच आमच्या गिरणीसाठी बदलून लिहिला होता. मी सुचवलं की त्याच्याच आत वीस ठिकाणी खुणा घालू. तो जिथून जाईल तिथली वेळ आपोआप नोंदली जाईल. कुठं किती वेळ गेला ते कागदावर छापून येईल.

सर एकदम उसळले. "ज्याला मोजायचं त्याच्याच पोटात बसून मोजणार व्हय तू? खुणा घातल्यास की तो आणखी मंद चालणार. मग तू मोजलंस काय? त्याला, का तुझ्या खुणांना?"

"थोडा फरक पडेल, सर. पण आकडा तरी मिळेल."

"आणि जागा? मेमरीत एक शब्द ठेवायला जागा न्हाय, हा वीस पाट घालून पंगत बसवतोय!"

"मग मुंबईच्या साहेबांना काय रेडिओ ऐकवायचा का?"

सगळे हसले. सर हसले नाहीत. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर चिठ्ठी होती: 'वीस नाही. सहा. आणि एकच दिवस.'

सहा खुणा घातल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कागद हातात आला आणि मी अक्षरशः सरांकडं धावत सुटलो. सुपरवायझर निर्दोष होता! जवळजवळ सगळा वाया गेलेला वेळ एकाच खुणेसमोर होता: माहितीची टेप माणूस बदलून देईपर्यंत वाट पाहणं. आणि तोही फक्त दुसऱ्या पाळीत, रात्री आठनंतर. पाळीचा रकाना मीच हौसेनं घातला होता.

सरांनी कागद पाहिला आणि ट्रान्झिस्टर बंद केला. खोली एकदम सुनी झाली.

"कुणाला दाखवलास?"

"कुणालाच नाही."

"दुसऱ्या पाळीला टेप कोण लावतं?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मेहबूबभाई. मी रोज घरी निघताना "क्या बाबू, जेवला का?" विचारणारे.

"त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू हाय," सर म्हणाले. "टेपचे नंबर नाकाला लावून वाचतो. ऑपरेशन थंडीत करू म्हणलाय डॉक्टर. मी आठपर्यंत बसतो. आवाज एकसुरी झाला की समजायचं, मशीन टेपची वाट बघतंय. मग उठून काढून देतो. आठनंतर माझी बस जाते."

मी कागदावरचे आठनंतरचे आकडे पुन्हा पाहिले.

"माझ्या बापाच्या मागावर असंच मोजायचं घड्याळ बसवलं होतं," ते सावकाश म्हणाले. "घड्याळ खरं सांगायचं, त्याचं काय न्हाय. पण हात का थरथरतो ते त्याला कुटं ठाऊक?" मग कागदावर बोट ठेवून म्हणाले, "एक मात्र तुझं बरोबर. इतका वेळ जात असेल असं मला न्हाय वाटलं. टेप येईपर्यंत हा सुपरवायझर नुसता उभा का? दुसरं काम घेऊ दे की त्याला! बस, लिहू. खुणा राहू देत. पाळीचा रकाना काढ. आणि हा कागद फाड."

आम्ही चार दिवस झटलो. तक्ते वेळेवर निघू लागले.

मुंबईचे साहेब आले. नवे आकडे पाहून खूश झाले. मग सहज विचारावं तसं मला विचारलं, "पण आधी उशीर का व्हायचा? ड्यूटीवर कोण असायचं?"

साहेबांनी पेनचं टोपण काढलं.

"साहेब," सर मधेच म्हणाले, "सुपरवायझर मी लिहिला. त्याला वाट बघत उभा मीच केला. चूक माझी."

साहेबांनी ते लिहून घेतलं. दोन महिन्यांनी विभागप्रमुख म्हणून मुंबईचा माणूस आला. सरांची बदली सुताच्या गोदामात झाली. मी कायम झालो. थंडीत मेहबूबभाईंचं ऑपरेशन झालं. पुढं मी पुण्याला गेलो आणि तिथून सरांना हे पत्र टाकलं:

तीर्थस्वरूप गड्डम सरांना सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. एक गोष्ट समोर सांगता आली नाही, म्हणून लिहितो. तो कागद मी फाडला नव्हता. साहेब आले तेव्हा तो माझ्या खिशात होता. त्यांनी विचारलं तेव्हा माझा हात खिशाकडं गेला होता. तुम्ही तेव्हाच बोललात. तुम्हाला हात दिसला होता की नाही, हे मी आजवर विचारलं नाही. आताही विचारत नाही. पुढच्या महिन्यात सोलापूरला येतोय. तुम्ही घरी येऊ द्याल ना?

आपला नम्र,
दत्ता