घरपोच लाईक

नीवाल्डोने विजेचा कुकर उचलून गच्चीवर नेऊन ठेवला, तेव्हा त्याच्या बायकोला, मिगदालियाला, पहिला धक्का बसला. कुकरात काळा घेवडा होता, अर्धा शिजलेला.

"याच्यामुळेच लॅग येतोय," खाली येऊन तो म्हणाला.

"घेवड्यामुळे?"

"कुकरमुळे. कुकर लावला की वीज दबते, आणि वीज दबली की मशीन धापा टाकतं."

मशीन म्हणजे जेवणाच्या खोलीत, फुलाफुलांच्या टेबलक्लॉथखाली घुरघुरणारा एक जुना संगणक. घराघरात इंटरनेट यायच्या आधीची ही गोष्ट. हवानात आमच्या लुयानो भागातल्या पोरांनी गच्च्यांवरून, आंब्याच्या फांद्यांमधून आणि लोकांच्या न्हाणीघरांच्या खिडक्यांतून तारा ओढून स्वतःचं जाळं विणलं होतं. त्यावर लढाईचा खेळ चाले आणि एक फोरम चाले. फोरम म्हणजे गल्लीची चावडीच, फक्त बसायला कट्टा नव्हता. ही दोन्ही ओझी त्या एकट्या मशीनच्या पाठीवर होती. नीवाल्डो बस आगारात कारकून होता आणि आगारात त्याला कुणी विचारत नसे. पण मशीन घरात आल्यापासून गल्ली त्याला 'अ‍ॅडमिन' म्हणू लागली होती, न्हावी त्याला नंबर नसताना खुर्चीत बसवत होता, आणि सासूबाई त्याला चक्क नावाने हाक मारू लागल्या होत्या.

हे सगळं आता जायची वेळ आली होती. खेळ ऐन मोक्याला अडखळे, लॅग म्हणतात तो हाच. तलवार उगारलेला योद्धा तलवार उगारून उभाच राही, आणि हलू लागे तेव्हा मेलेला असे. समोरच्या घरातल्या विल्फ्रेदोने फोरमवर लिहिलं, 'अ‍ॅडमिनने घरात मशीन ठेवलंय की गोगलगाय पाळलीय?' या एका वाक्याला एवढी लाईक्स पडली की त्याचा बोभाटा रामिरोपर्यंत गेला. रामिरो म्हणजे अख्ख्या शहराच्या जाळ्याचा कारभारी. त्याने निरोप पाठवला की रविवारी चार वाजता शेजारच्या लॉटन भागातल्या पोरांशी सामना आहे, तो बघायला मी जातीने येतोय, आणि लॅग दिसला तर मशीन विल्फ्रेदोच्या घरी.

कुकर गेला, लॅग गेला नाही. मग फ्रिज बंद झाला, पंखा बंद झाला, सासूबाईंचा रेडिओ बंद झाला आणि पाठोपाठ त्यांचं नावाने हाक मारणंही. शनिवारी दुपारी मिगदालिया घाम पुसत मशीनसमोर येऊन बसली आणि बराच वेळ नुसती बघत राहिली.

"एक विचारू का?" ती म्हणाली. "ती घंटा वाजते ना, तेव्हाच अडतंय हे."

नीवाल्डो हसला, आणि हसता हसता पडद्याकडे वळला. घंटा त्याची स्वतःची कल्पना होती. कुणीही कुणाच्याही लिहिण्याला लाईक दिलं की जाळ्यावरच्या प्रत्येक पडद्यावर घंटा वाजे आणि जास्वंदीची फुलं पडत. सुरुवातीला लोकांना फार कौतुक वाटलं होतं. आमच्याकडे लाईक म्हणजे जिन्यात भेटलेल्या माणसाला केलेला नमस्कार. उलट केला नाही तर तोंड फिरवल्यासारखं होतं. त्यामुळे एकाने लाईक दिलं की दुसरा परत देणार, की घंटा, की फुलं, की लॅग. मग कुणीतरी लॅगविरुद्ध लिहिणार, आणि त्याला सगळे लाईक देणार.

"म्हणजे लॅगची तक्रार आवडते म्हणून लॅग येतो?" नीवाल्डोने विचारलं. त्याचा चेहरा शेजाऱ्याचं कुत्रं अचानक बोलू लागल्यासारखा झाला होता.

"ते मला कळत नाही," मिगदालिया म्हणाली. "माझा कुकर खाली आण."

नीवाल्डो घंटा काढायला बसला. पण घंटा आणि लाईकचं बटण त्याने एकाच बैठकीत एकमेकांना असं काही बांधलं होतं की घंटा ओढल्यावर बटणही मुळासकट उपटून हातात आलं. असू दे, तो म्हणाला. 'उद्याच्या सामन्यासाठी बटण काढलं आहे,' असं त्याने फोरमवर लिहून टाकलं. मशीन लोण्यातून सुरी फिरावी तसं चालू लागलं. त्या दिवशी तो पोटभर घेवडा जेवला.

रविवारी सकाळी दार वाजलं. खालच्या मजल्यावरची लासारा होती, ठेवणीतली कानातली घालून.

"काल तू लिहिलंस ना, बटण काढलं म्हणून?"

"हो."

"मला आवडलं ते."

"बरं."

"म्हणून सांगायला आले. बटणच नाही म्हटल्यावर माणसाने करायचं काय, राजा? तोंड फिरवायचं?" असं म्हणून ती खुर्ची ओढून बसली. बसली म्हणजे कॉफी आली.

ती उठायच्या आत न्हावी आला. त्याला लासाराच्या कॅरॅमल पुडिंगची फोरमवरची कृती आवडली होती, आणि बटण अ‍ॅडमिनने काढलं म्हणजे लाईकही अ‍ॅडमिनकडेच नोंदवायचं. समोरासमोर लाईक मिळाल्यावर लासारा लाजली आणि परतफेड म्हणून त्याच्या एका जुन्या विनोदावर हसली. मग एक नर्सबाई आल्या, त्यांच्याकडे गेल्या आठवड्याची बरीच परतफेड तुंबली होती. दुपारपर्यंत जिना माणसांनी भरला. प्रत्येक नवा माणूस आमच्याकडच्या रांगेच्या रीतीप्रमाणे 'शेवटचा कोण?' असं विचारून उभा राहत होता. नीवाल्डोने मिगदालियाला दारात खुर्ची टाकून दिली. कुणाला लाईक आहे ते विचारायचं, मान डोलवायची आणि वाटेला लावायचं.

चार वाजायला थोडा वेळ असताना घरातली कॉफी संपली. रामिरोला कॉफीशिवाय बसवणं शक्य नव्हतं, म्हणून नीवाल्डो मागच्या दाराने मेव्हणीकडे पळाला.

तो गेला आणि रांग जिन्यावरून फुटपाथवर उतरली. इथेच घात झाला. फुटपाथवर रांग दिसली की हवानात माणूस आधी तिच्यात उभा राहतो आणि कशाची आहे ते मग विचारतो. आधी विचारत बसणाऱ्याला आजवर काही मिळालेलं नाही. कुणाच्या तरी हातात रिकामी पिशवी होती. पिशवीवरून विकायला कोंबडी आली असावी असं एकाला वाटलं, दुसऱ्याने ती आल्याचं ऐकलं, आणि तिसऱ्याने ती उतरवताना पाहिली. चौथ्याने फोरमवर लिहिलं.

मेव्हणीकडची कॉफीची पुडी खिशात घालून नीवाल्डो परतला तो दुसऱ्या बाजूने. रांग कोपऱ्याला वळसा घालून गेलेली, तिचं तोंड कुठे आहे ते दिसत नव्हतं.

"शेवटचा कोण?" त्याच्या तोंडून आपोआप निघालं.

"मी," छत्रीवाले म्हातारबुवा म्हणाले.

"काय आलंय?"

"कोंबडी. माणशी दोन म्हणतात."

नीवाल्डोने घड्याळ पाहिलं. मग कोंबडीचा विचार केला. मग घड्याळ पाहायचं थांबवलं. तेवढ्यात मागून एका धापा टाकणाऱ्या माणसाने विचारलं, "शेवटचा कोण?" नीवाल्डोने वळून पाहिलं. रामिरो होता.

"सामना..." नीवाल्डो पुटपुटला.

"सुरू होईल तो," रामिरो पुढची मुंडकी मोजत म्हणाला. "कोंबडी थांबणार आहे का?"

सामना सुरू झालाही. मशीन जन्मात चाललं नव्हतं इतकं सुरळीत चाललं. फक्त मैदानात दोन्हीकडचे योद्धे तलवारी उगारून, एकमेकांकडे बघत, शेवटपर्यंत उभे होते. लुयानोचे खेळाडू रांगेत होते. लॉटनचे सायकलवरून यायला जरा उशीर झाला, म्हणून ते रांगेत बरेच मागे होते.

रांग कोपरा वळली आणि नीवाल्डोला स्वतःचं दार दिसलं. दारात स्वतःची खुर्ची आणि खुर्चीत स्वतःची बायको. म्हणजे ही रांग त्याच्याच घरची होती. पण रांग सोडून जाणाऱ्या माणसाला काहीतरी आतली बातमी कळलेली असते, असं सगळे समजतात. पाठीमागे रामिरो होता. तो पुढे सरकत राहिला.

"कुणाला?" मिगदालियाने मान वर न करता विचारलं.

"तुला," तो म्हणाला. दुसरं काही सुचलंच नाही.

तिने वर पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात, बटण असतानासुद्धा, त्याने तिला हे कधी कळवलं नव्हतं. "आत जा आणि कॉफी ठेव," ती म्हणाली, पण जरा हळू आवाजात. मग मागच्याला, "तुमचं कुणाला?"

"माझ्या दोन," रामिरो म्हणाला. "कोंबड्या."

"इथे लाईक मिळतं हो. कोंबडी नाही. कुणाला द्यायचं ते पटकन सांगा, लोक खोळंबलेत."

रामिरोने मागे पाहिलं. कोपऱ्यापर्यंत माणसं होती, आणि त्यातली निम्मी त्याला तोंडओळखीने ओळखत होती. जाळ्याचा कारभारी अख्खा सामना सोडून कोंबडीसाठी रांगेत उभा होता, हे लॉटनपर्यंत पोचायला तारसुद्धा लागली नसती.

"नीवाल्डोला," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "त्याचसाठी तर आलो होतो."

आत येऊन त्याने कॉफी घेतली, टेबलक्लॉथ उचलून मशीनकडे गंभीरपणे पाहिलं आणि निकाल दिला, "मला तर लॅग दिसला नाही." ते अक्षरशः खरं होतं. मशीन जागेवर राहिलं.

मिगदालियाने उरलेल्या रांगेला "संपलं" म्हणून सांगितलं. यावर कुणीही काही विचारलं नाही. 'संपलं' म्हटल्यावर सगळ्यांची खात्रीच पटली की कोंबडी आली होती. सगळ्यात शेवटी विल्फ्रेदो उभा होता, सर्वांत मोठी पिशवी घेऊन.

सोमवारी सकाळी नीवाल्डोने घंटेसकट बटण परत बसवलं. दिवसभर कॉफी पाजणं त्याला परवडण्यासारखं नव्हतं. थोड्याच वेळात विल्फ्रेदोची लांबलचक तक्रार आली, की अ‍ॅडमिन आणि कारभारी यांनी आपापसात कोंबड्या वाटून घेतल्या आणि गल्ली उपाशी ठेवली. तिला इतकी लाईक्स पडली की दुपारच्या आत मशीनने पुन्हा बसकण मारली.

पहिलं लाईक नीवाल्डोचं होतं. माणूस समोर राहतो, तोंड कसं फिरवायचं?